आवाजाबद्दल एक शब्दही नाही

१

बोलपाटी मरत होती, आणि ती आपल्या मरणाने मरत नव्हती.

थोरल्या भावाने खुर्चीत टेकता टेकताच हे सांगितलं आणि समोरच्या बाईने काही विचारायच्या आधी फोन पुढे सरकवला. पडद्यावर एका अ‍ॅपचं नाव होतं, नावाखाली पाच चांदण्या, आणि त्यांतल्या जेमतेम अडीच भरलेल्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या जवळजवळ पाचही भरलेल्या होत्या, असं तो म्हणाला.

त्या बाईला धंद्यातले लोक चाळणी म्हणत. किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावरच्या एका खोलीत तिचं ऑफिस होतं, आणि खाली कानस चालू झाली की वर बोलणं थांबवावं लागे. कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तिने बरीच वर्षं ग्राहकांच्या तक्रारी वाचण्यात घालवली होती. पुढे स्वतःचा धंदा काढला. हॉटेलवाले, चपलांचे दुकानदार, अ‍ॅप बनवणारे तिच्याकडे आपापले रिव्ह्यू घेऊन येत, आणि त्यांतले खरे कुठले, पेरलेले कुठले हे ती निवडून देई. संतापलेला माणूस कसा लिहितो आणि पैसे घेऊन संतापलेला माणूस कसा लिहितो, यातला फरक तिला पाठ झाला होता.

बोलपाटी हे अ‍ॅप वाचा गेलेल्या माणसांसाठी होतं. पडद्यावर चित्रं असायची. पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवलं की फोन म्हणायचा, ‘मला पाणी हवंय.’ उशीवर ठेवलं की, ‘उशी नीट कर.’ थोरल्याचा धाकटा भाऊ प्रोग्रामर. त्याची बायको दवाखान्यात पक्षाघाताच्या रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवायची. कल्पना तिची, आणि अ‍ॅपमधला आवाजही तिचाच. मशीनचा नाही, माणसाचा. तो आवाज लोकांना इतका आवडला की काही पुरुष रुग्णसुद्धा बाईच्या आवाजात चहा मागायला लागले.

“ती गेल्या वर्षी गेली,” थोरला म्हणाला. “आजार लहानसाच वाटत होता. आवाज तेवढा राहिला.”

आता एक मोठी कंपनी बोलपाटी विकत घ्यायला निघाली होती. बोलणी ठरत आली, आणि तेवढ्यात हे वाईट रिव्ह्यू सुरू झाले. आठवड्याला थोडे थोडे, पण न चुकता. अ‍ॅप उतरवून घेणारे कमी होत होत आता नावालाच उरले होते. कंपनीवाले फोन उचलेनासे झाले. थोरल्याचा संशय एका प्रतिस्पर्ध्यावर होता. अशाच कामाचं दुसरं अ‍ॅप विकणारा तो इसम दवाखान्यांमधून टाय लावून फिरायचा.

चाळणीने त्याला या धंद्याचं गणित समजावलं. लोक आधी चांदण्या बघतात. मग अगदी वरचे दोन-तीन रिव्ह्यू वाचतात, आणि तिथेच ठरवतात. खालचे शेकडो चांगले रिव्ह्यू वाचायला कोणी उतरत नाही. चांदण्या घसरल्या की फोनवरचं अ‍ॅपचं दुकानही ते अ‍ॅप यादीत खाली ढकलतं, म्हणजे ज्याला हवं त्याला ते दिसतही नाही. त्यामुळे एखादं अ‍ॅप संपवायला फार माणसं लागत नाहीत. थोडी माणसं, पण नेमाने लागतात.

दोन दिवस ती ते रिव्ह्यू वाचत बसली. तिसऱ्या दिवशी तिने थोरल्याला फोन केला.

“यात एकही खोटं खातं नाही,” ती म्हणाली. “ही सगळी जिवंत, खरी माणसं आहेत. त्यांच्याकडून कोणीतरी हे लिहवून घेतंय.”

२

त्यातही एक रिव्ह्यू वेगळा होता. बाकीच्यांत अ‍ॅप हळू चालतं, बटणं लहान आहेत, चित्रं कळत नाहीत असलं काहीबाही होतं. यात तक्रार अशी नव्हतीच.

‘हे अ‍ॅप चांगलं आहे असं वर कोणी लिहिलं असतं तर मी वेळेवर घेतलं असतं. आता घेऊन काय उपयोग.’ आणि एक चांदणी.

चाळणीने तो लिहिणारीला शोधून काढलं. ती शिवणकाम करायची. आपल्या दुकानाचं नावच तिने खात्याला दिलं होतं, म्हणून सापडणं सोपं गेलं. दुकान म्हणजे तिच्या घराचीच पुढची खोली. मशीनवर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश होता आणि आतल्या खोलीत एक लोखंडी खाट, गादी गुंडाळून ठेवलेली.

शिंपीणबाईंनी सगळं एका सुरात सांगितलं. नवऱ्याला पक्षाघात झाला, वाचा गेली. डोकं शाबूत होतं, सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. तो डावा हात उचलायचा आणि भिंतीकडे दाखवायचा. ती पाणी आणायची, पांघरूण आणायची, भिंतीवरचा फोटो काढून हातात द्यायची. तो मान हलवायचा. पुन्हा हात उचलायचा. आधी चिडायचा, मग रडायचा. दवाखान्यातल्या एका बाईने तिला बोलपाटीचं नाव सांगितलं होतं. तिने फोनवर शोधलं, चांदण्या पाहिल्या, वरचे तीन रिव्ह्यू वाचले. ‘आजारी माणसाला याचा त्रासच होतो,’ असं एकात लिहिलं होतं. तिने फोन बाजूला ठेवला.

“पुढे त्यांनी हात उचलणंच सोडलं,” ती म्हणाली. “गेले तेव्हा माझ्याकडे बघत होते. काय सांगायचं होतं ते राहिलं.”

नंतर त्याच दवाखान्यातल्या बाईने विचारलं, घेतलं का ते अ‍ॅप? आमच्याकडे चार जण त्यावर बोलतात. तेव्हा तिने रागाच्या भरात ते उतरवून घेतलं आणि एक चांदणी दिली. आपला राग नेमका कोणावर आहे हे तिलाही धड सांगता येईना.

चाळणी जिना उतरून रस्त्यावर आली. इतकी वर्षं ती रिव्ह्यू निवडत होती ते कोणाच्या चपला खपाव्यात, कोणाचं हॉटेल चालावं म्हणून. एखाद्या घरातला माणूस यामुळे मुका जाईल, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पहिले रिव्ह्यू कोणी लिहवून घेतले, हे शोधणं आता तिच्यासाठी नुसतं काम राहिलं नाही.

३

टायवाला तिला एका दवाखान्याच्या उपाहारगृहात भेटला. गडी हुशार होता. तिने आडून विचारलं तरी त्याला कळायचं ते कळलं, आणि तो हसला.

त्याचं म्हणणं असं, की आमच्या अ‍ॅपमध्ये मशीनचा आवाज आहे. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कोणी बोलावं तसा. गिऱ्हाईक रोज तोंडावर सांगतं, त्या बोलपाटीतली बाई कशी घरच्यासारखी बोलते. “मला जर खोटं लिहवून घ्यायचं असतं ना, तर मी पहिला घाव त्या आवाजावर घातला असता. आवाज किरकिरा आहे, कळत नाही, असं. तुम्ही वाचलेत ना सगळे? कोणी लिहिलंय तसं?”

चाळणीने तिथल्या तिथे फोन काढून पुन्हा सगळे रिव्ह्यू वाचले. हळू चालतं. बटणं लहान. चित्रं बालिश. महाग. रंग वाईट. जुन्या चांगल्या रिव्ह्यूंमध्ये जिथे तिथे आवाजाची स्तुती होती. एका बाईने लिहिलं होतं, ‘आमचे हे बाईच्या आवाजात भांडतात आणि मग आम्ही दोघंही हसतो.’ वाईट रिव्ह्यूंमध्ये मात्र आवाजाबद्दल एक शब्दही नव्हता. बरा नाही, वाईट नाही, काहीच नाही. लिहवून घेणाऱ्याने अ‍ॅपच्या प्रत्येक अवयवाला दगड मारला होता, तेवढा एक सोडून.

तिथून ती चित्रकार मुलीकडे गेली. बोलपाटीतली सगळी चित्रं या मुलीने काढलेली. विक्रीची बोलणी सुरू झाल्यावर थोरल्याने तिला काढून टाकलं होतं, आणि तेही फोनवरून. तिला राग होता आणि तिने तो लपवला नाही. थोरल्याबद्दल ती जे बोलली ते इथे न लिहिलेलं बरं. पण वाईट रिव्ह्यू वाचून तिने फोन पालथा ठेवला.

तो पेला मी सतरा वेळा काढला होता, ती म्हणाली. आडवं पडलेल्या माणसाला खालून कसा दिसेल तसा. जिची ती चित्रं, ती त्यांनाच बालिश म्हणायला लोकांना सांगेल का? चाळणीला ते पटलं. माणूस सूड घेताना आपलंच लेकरू आधी मारत नाही.

निघताना त्या मुलीनेच एक गोष्ट दाखवली. “हे पिवळं पान कुठलं?” तिने विचारलं. “एकाने लिहिलंय, पहिलं पिवळं पान डोळ्यांना खुपतं. बोलपाटीत पिवळं पान नव्हतंच कधी. मी असताना पांढरं होतं. आता निळं आहे.”

चाळणीने अ‍ॅप उघडलं. पान निळं होतं. मग या माणसाने पिवळं पान पाहिलं कुठे?

४

प्रोग्रामरचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली, डोळे जागरणाने आत गेलेले. जेवणाच्या टेबलाचं अर्धं त्याच्या कामाने व्यापलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर दोन ताटं झाकून ठेवली होती. घरात तो आणि त्याच्या सासूबाई, दोघंच राहत. बायको गेल्यावर लोकांना वाटलं होतं सासूबाई आपल्या गावी परत जातील. त्या गेल्या नाहीत, आणि त्यानेही कधी विषय काढला नाही.

प्रत्येक वाईट रिव्ह्यूला त्याने नम्रपणे उत्तर दिलं होतं. बटणं लहान म्हटल्यावर मोठी केली, हळू म्हटल्यावर वेग वाढवला. जे कधी बिघडलंच नव्हतं ते तो दुरुस्त करत बसला होता. चाळणीच्या एक गोष्ट लक्षात आली. तिच्यासमोर तो एकेक चित्र दाबून दाखवत होता, पण फोनचा आवाज बंद होता.

तिने सरळ विचारलं, कंपनी विकत घेतल्यावर काय बदल करणार होती?

“आवाज,” तो म्हणाला. “त्यांचा स्वतःचा मशीनचा आवाज आहे. हिचा काढून टाकणार होते.” मग म्हणाला, “मला ही विक्री नकोच होती. दादाला नाही म्हणता आलं नाही.”

चाळणीने मनात हिशेब जुळवला. विक्री मोडावी असं ज्याला वाटतं, अ‍ॅपची नस न् नस ज्याला माहीत आहे, आणि जो त्या आवाजाला चुकूनही बोल लावणार नाही, असा माणूस तिच्यासमोर बसला होता. तिने पिवळ्या पानाबद्दल विचारलं.

त्याला आठवायला वेळ लागला. नव्या आवृत्तीचं पहिलं पान त्याने पिवळं करून पाहिलं होतं खरं. एका संध्याकाळी दादा जेवायला आला होता तेव्हा याच टेबलावर, याच फोनवर त्याने ते दाखवलं. सासूबाईंनी पाहिलं, छान आहे म्हणाल्या आणि पाठ दुखते म्हणून झोपायला गेल्या. त्या गेल्यावर दादा म्हणाला, हे कावीळ झाल्यासारखं दिसतंय, बदल. त्याने तिथेच बसून ते निळं केलं. लोकांपर्यंत गेलं ते निळंच.

“त्या रिव्ह्यूवाल्याला मी उत्तरही दिलं,” तो म्हणाला. “आमच्याकडे पिवळं पान नाही, तुमच्या फोनची सेटिंग बघा, असं.”

चाळणीने मनातल्या मनात एकेक जण बाजूला केला. चित्रकार मुलगी त्या संध्याकाळी इथे नव्हती. पिवळं पान तिला माहीतच नव्हतं. टायवाल्याचंही तेच. थोरल्यानेच ते पान बदलायला लावलं, आणि समोरच्या या माणसाने ते स्वतःच्या हाताने बदललं. आता अ‍ॅपमध्ये नसलेल्या पिवळ्या पानाला या दोघांपैकी कोणीही नावं ठेवणार नाही. तो रिव्ह्यू ज्याने लिहवून घेतला त्याने पान पिवळं पाहिलं होतं, पुढे ते निळं झाल्याचं त्याला कळलं नव्हतं, आणि त्यानंतर त्याने बोलपाटी एकदाही उघडली नव्हती.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. सासूबाई आत आल्या. नीटनेटकी साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि तोंडभर थकवा. जावयाने उठून त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेतली. “आईंचा वर्ग असतो वाचनालयात,” त्याने चाळणीला सांगितलं. “म्हाताऱ्या माणसांना फोन वापरायला शिकवतात. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, स्वस्थ बसवत नाही त्यांना.”

सासूबाईंनी चाळणीकडे पाहून हात जोडले. आपण कोण हे चाळणीने सांगितलं तेव्हा त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले.

५

पुढच्या मंगळवारी चाळणी वाचनालयात गेली.

जायच्या आधी तिने एक गोष्ट पडताळून पाहिली होती. शिंपीणबाईंचं सोडलं तर वाईट रिव्ह्यू लिहिणाऱ्या प्रत्येक खात्याने त्याआधी टॉर्चच्या एका अ‍ॅपला आणि मग कॅलेंडरच्या एका अ‍ॅपला चांगला रिव्ह्यू दिला होता. सगळ्यांनी याच क्रमाने. आणि सगळ्यांच्या वाक्यात पूर्णविरामाच्या आधी एक मोकळी जागा होती, जशी कोणी नुकतंच शिकलेला माणूस, एक शब्द झाला की जागा सोडायची, हे अक्षरशः पाळून सोडतो. पैसे घेऊन लिहिणारी टोळी असं लिहीत नाही. असं लिहितो तो शिकणाऱ्यांचा वर्ग.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत लांब टेबलाभोवती पिकल्या केसांची माणसं नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेऊन बसली होती. एका आजोबांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. चाळणीने त्यांना बोलतं केलं. आजोबा खुशीत होते. बाईंनी त्यांना नातीला फोटो पाठवायला शिकवलं होतं. रिव्ह्यू लिहायलाही बाईंनीच शिकवलं का? हो तर. बाई सांगायच्या, ते आपण टाइप करायचं. सरावासाठी.

आणि बोलपाटी? ते उघडून पाहिलंत का तुम्ही?

“नाही नाही,” आजोबा म्हणाले. “बाई म्हणाल्या, उघडायचं कारण नाही. नुसता अभिप्राय लिहा.”

वर्ग सुटला. माणसं काठ्या सावरत, एकमेकांना वाट देत निघून गेली. सासूबाई फळा पुसत होत्या. चाळणी खुर्चीवरून उठली नाही. तिने काही आरोप केला नाही. पिवळं पान निळं झालंय, एवढंच तिने सांगितलं.

सासूबाईंनी फळा पूर्ण पुसला. हात झटकले. मग समोर येऊन विद्यार्थ्यांच्या बाकावर बसल्या.

डोळे तपासायला त्या दवाखान्यात गेल्या होत्या. उन्हाळा सुरू झाला होता तेव्हा. रांग मोठी होती. समोर चाकाच्या खुर्चीत एक तरुण मुलगा होता, अपघातात वाचा गेलेला. त्याच्या मांडीवर फोन होता. त्याने बोट ठेवलं आणि सासूबाईंच्या मुलीचा आवाज आला. मुलगी घरात बोलायची तसाच, जरा घाईतला.

“काय म्हणाली?” चाळणीने विचारलं.

“आईला बोलवा.” सासूबाईंनी हे सांगताना चाळणीकडे पाहिलं नाही. “तो मुलगा पुन्हा पुन्हा तेच दाबत होता. त्याची आई कागद आणायला गेली होती कुठेतरी. आईला बोलवा. आईला बोलवा. मी तिथे बसले होते, बाई.”

पुढचं त्यांनी तुकड्या तुकड्याने सांगितलं. मुलगी दवाखान्यात होती तेव्हा त्या रात्रंदिवस तिच्या उशाशी होत्या. शेवटच्या दिवशी सकाळी जावई म्हणाला, आई, घरी जाऊन अंघोळ करून या, मी आहे. तिची तब्येतही जरा बरी वाटत होती. त्या गेल्या. तेवढ्या वेळात तिचा श्वास अडकला. तिने नर्सला आईला बोलवा म्हणून सांगितलं, असं नंतर कोणीतरी त्यांना सांगितलं. सांगणाऱ्याला वाटलं असेल, बरं वाटेल. त्या पोचल्या तेव्हा चादर तोंडावरून घेतलेली होती.

“ती मला बोलावते आणि मी जाऊ शकत नाही,” त्या म्हणाल्या. “रस्त्यात, दवाखान्यात, कोणाच्याही खिशातून. मला वाटलं, निदान आणखी लोकांच्या खिशात जायला नको. बंद करा असं जावयाला कसं सांगू? त्याच्याजवळ तिचं तेवढंच उरलंय. दोघं भाऊ जेवताना बोलायचे, चांदण्या कमी झाल्या की लोक घेत नाहीत. ते मी ऐकलं होतं. कंपनी तिचा आवाज काढणार होती, हे मात्र तेव्हा मला कोणी सांगितलं नाही.”

आवाजाबद्दल मात्र त्यांनी कोणाला काही लिहू दिलं नव्हतं. एक आजी आपल्या मनाने टाइप करायला निघाल्या होत्या, की बाईचा आवाज नको, पुरुषाचा हवा. त्यांचा हात यांनी धरला होता.

चाळणीला वाटलं, आता उठून जावं. थोरल्याला सांगावं की तपास लागला नाही. पण तिला ती गुंडाळलेली गादी आठवली. तिने शिंपीणबाईंचा तो एक चांदणीचा रिव्ह्यू काढला आणि फोन सासूबाईंच्या पुढे ठेवला, आणि त्या डाव्या हाताची सगळी हकीकत सांगितली. भिंत, पाणी, फोटो, सगळी.

सासूबाई कितीतरी वेळ तो रिव्ह्यू वाचत राहिल्या.  ‘आजारी माणसाला याचा त्रासच होतो,’ हे वाक्य त्यांनीच फळ्यावर लिहिलं होतं.

६

जावयाला त्यांनी स्वतःच सांगितलं. चाळणीला त्यांनी सोबत थांबायला लावलं, बहुधा आपलं धैर्य जाऊ नये म्हणून.

त्याने सगळं ऐकून घेतलं. तो रागावला नाही. खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. खाली कोणी सायकल दुरुस्त करत होतं, त्याची ठकठक येत होती.

“अंघोळीला जा असं मी म्हणालो होतो,” तो शेवटी म्हणाला. “तुम्ही नाही म्हणत होतात.”

सासूबाईंनी त्याला गप्प करायचा प्रयत्न केला. तो गप्प झाला नाही. ती गेल्यापासून आपण बोलपाटी एकदाही आवाज सुरू ठेवून चालवलेली नाही, सगळं काम मुकाट करतो, हे त्याने सांगितलं. एका घरात, एका टेबलावर जेवणारी ही दोन माणसं वर्षभर एकाच गोष्टीपासून पळत होती, आणि एकमेकांना कळू नये म्हणून धडपडत होती. त्या दिवशी दोघं पहिल्यांदा एकमेकांसमोर रडली. चाळणी जिन्यात जाऊन बसली.

कंपनीची बोलणी मोडली ती मोडलीच. थोरल्याने आकांडतांडव केलं, मग पुष्कळ दिवस भावाकडे आला नाही. पुढच्या वर्गात सासूबाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि आपण तुमच्याकडून खोटं लिहवून घेतलं, असं म्हाताऱ्यांना स्पष्ट सांगितलं. बहुतेकांनी रिव्ह्यू काढून टाकले. दोघांनी वर्ग सोडला. ते आजोबा म्हणाले, बाई, माझ्या नावावर खोटं नको होतं हो.  चांदण्या थोड्या वर चढल्या, पण खाली ढकललं गेलेलं अ‍ॅप पुन्हा लोकांच्या नजरेला पडायला फार वेळ लागतो. त्याच्या जागी वर टायवाल्याचं अ‍ॅप येऊन बसलं होतं.

एक काम राहिलं होतं. एका दुपारी चाळणी सासूबाईंना घेऊन शिंपीणबाईंच्या जिन्यापाशी गेली. वर मात्र दोघी गेल्या तरी बोलल्या सासूबाईच.

शिंपीणबाई मशीनवर होत्या. पाय थांबवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चहा विचारला नाही, बसा म्हणाल्या नाहीत. सासूबाईंनी माफी मागितली तेव्हा त्यांनी सरळ नकारार्थी मान हलवली.

“तुमचं दुःख मला कळतंय,” त्या म्हणाल्या. “पण माफ होणार नाही माझ्याच्यानं.”

“नका करू,” सासूबाई म्हणाल्या.

 थांबलेली मशीन, खाली पडलेली कापडाची कात्रणं, आतली रिकामी खाट. सासूबाई वळून निघणार तेवढ्यात शिंपीणबाईंनी टेबलाच्या खणातून फोन काढला. बोलपाटी त्यांनी घेतली होती, पण उघडली नव्हती. एकटीने उघडवत नाही, त्या म्हणाल्या. आमच्या ह्यांना काय हवं होतं ते यात असेल का?

सासूबाईंनी स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसल्या. फोनचा आवाज वाढवायचं बटण कुठे असतं ते त्यांनीच दाखवलं.

शिंपीणबाईंनी पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. मला पाणी हवंय. त्यांनी मान हलवली. पाणी त्यांनी दिलं होतं. पंखा लाव. पंखा चालूच असायचा. खिडकी उघड. मला कुशीवर वळव. दुखतंय. प्रत्येक शब्दानंतर त्या थांबायच्या, आतल्या खाटेकडे आणि मग भिंतीकडे बघायच्या, आणि पुढच्या चित्राकडे वळायच्या. सासूबाईंनी दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरली होती. त्यांची मुलगी दुसऱ्याच कोणा माणसासाठी एकामागून एक बोलत होती. थकलो. भीती वाटते. दिवा राहू दे. माझ्याजवळ बस.

सगळी पानं संपली. शिंपीणबाईंना कळलं नाही. कदाचित यातलं काहीच नव्हतं. कदाचित कितीतरी गोष्टी होत्या.

“पुन्हा एकदा बघू या का?” त्यांनी विचारलं.

“बघू या,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिलं पान काढून दिलं.